ऊन आहे तोवर तार जिवंत आहे



साक्षरतेच्या वर्गापुढे आम्ही जे बोललो, ते येथे छापले आहे. बोलताना जसे बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे. वर्गातल्या मंडळींनी मध्येच जे प्रश्न विचारले, तेही राहू दिले आहेत. वाचताना घाई करू नका. अडलेला शब्द पुन्हा वाचा.

आज आपण सोलरच्या विजेविषयी बोलू.

आपल्या शिवारात आता जागोजाग निळ्या-काळ्या प्लेटा दिसतात. २०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना सुरू केली. २०२४ साली आपल्या राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा हिस्सा भरावयाचा. बाकीचे सरकार पाहते. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ एचपीची मोटार. त्याहून जास्त पण पाच एकरांच्या आत असेल तर ५ एचपीची. त्यापुढे साडेसात.

ही मोठी चांगली गोष्ट झाली. रात्री दोन वाजता लाईट यायची आणि माणूस कुडकुडत दारे धरायला जायचा. पायाखाली साप आहे की विंचू, ते दिसायचे नाही. बिबट्याचे भय वेगळेच. आता दिवसाउजेडी पाणी देता येते. म्हातारी माणसेही पाणी देऊ शकतात. तेव्हा आम्ही सोलरच्या विरुद्ध बोलत आहोत असे कोणी समजू नका. घरी सोलर असावे, शेतावर सोलर असावे. पण त्याची रीत वेगळी आहे. ती रीत माहीत नसली तर चांगला जाणता माणूससुद्धा फसतो. किंबहुना जाणताच अधिक फसतो. कसा, ते पुढे सांगतो.

पुष्कळांच्या मनात अशी समजूत आहे की सोलरची वीज म्हणजे उन्हाची वीज, ती काय मारणार? घरातला सोलरचा कंदील हाती धरला तर झटका बसत नाही. मग शेतातल्या प्लेटांचा तरी का बसेल?

ही समजूत का खोटी आहे ते पाहा. विजेचा जोर व्होल्टमध्ये मोजतात. कंदिलात जोर असतो चार-सहा व्होल्टांचा. आपल्या घरातल्या दिव्याला येतात २३० व्होल्ट. आता शेतातली एक मोठी प्लेट घ्या. तिच्यात उन्हामध्ये ४० ते ५० व्होल्ट तयार होतात. कोणी म्हणेल, हे तर घरच्यापेक्षा कमी झाले. खरे आहे. पण मोटार एका प्लेटीवर चालत नाही. दहा प्लेटा एकीला एक जोडतात. पहिलीचे शेपूट दुसरीच्या तोंडाला, दुसरीचे तिसरीच्या. असे जोडले की त्यांच्या जोराची बेरीज होते. तुम्ही आता बेरीज शिकला आहात. करा बरे. एकीचे ४५, तर दहांचे किती? ४५०. घरच्या विजेच्या जवळजवळ दुप्पट!

जिन्याचेच घ्या. एका पायरीवरून माणूस पडला तर कपडे झटकून उठतो. दहाव्या पायरीवरून पडला तर हाड मोडते. पायरी तीच, उंची तेवढीच. पण दहा पायऱ्या एकीवर एक आल्या.

आणि या तारांतून किती वीज वाहते? साधारण ९ ते १४ अँपिअर. माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा पाचवा भाग गेला, तरी त्याचे हृदय बंद पडू शकते. तेव्हा ‘उन्हाची वीज’ म्हणून तिला हलकी लेखू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

महावितरणची वीज आपल्याला वर्षानुवर्षे माहीत आहे. म्हातारी मंडळी अजून तिला ‘एमएसईबी’ म्हणतात. म्हणेनात. त्या विजेची एक सवय आपल्या हाताला लागली आहे. मोटार बिघडली की पहिल्याने काय करतो? खटका पाडतो. फ्यूज काढतो. डीपीवरून लाईट बंद करवतो. वीज मागे राहते आणि पुढची तार मेलेली असते. मग आपण निर्धास्त तारेला हात लावतो.

सोलरमध्ये ही सवय घातक आहे.

कारण सोलरमध्ये डीपी नाही. वीज दुरून येत नाही. ती त्या प्लेटीतच तयार होते. प्लेटीवर उजेड पडला की वीज झाली. ती विचारीत नाही, की मोटार चालू आहे का, पेटीचा खटका वर आहे का खाली. तुम्ही खटका पाडलात, तर खटक्याच्या पुढची तार मरते, म्हणजे मोटारीकडची. प्लेटांपासून खटक्यापर्यंतची तार जशीच्या तशी जिवंत राहते. तिला मारील असे बटण तुमच्या हाती नाही. ते सूर्यनारायणाच्या हाती आहे, आणि तो ते संध्याकाळी दाबतो.

वर्गात एका बाईंनी विचारले, “गुरुजी, आभाळ भरून आलं, मोटार चालत नाही, तेव्हा तरी वीज नसते ना?”

फार चांगला प्रश्न. इथेच माणसे चुकतात. मोटार बंद पडली म्हणजे वीज गेली, असे सोलरमध्ये नाही. ढग आले म्हणजे विजेचा प्रवाह कमी होतो. तेवढ्या प्रवाहावर मोटार फिरत नाही. पण विजेचा जोर, ते ४५० व्होल्ट, फारसे उतरत नाहीत. सूर्य उगवण्याआधी नुसते फटफटले, तरी तारेत बराच जोर भरतो. मोटार फिरवायला जितकी वीज लागते, तिच्या कितीतरी कमी वीज माणसाला मारायला पुरते. तेव्हा पावसाळ्यातली ढगाळ दुपार, खाली चिखल, अंगावर ओले कपडे आणि बंद मोटार, ही वेळ सगळ्यांत वाईट. माणसाला वाटते, सारे थंड आहे. तारेला मात्र तसे वाटत नाही.

दुसरी फसवणूक टेस्टरची. खिशाला लावायचा स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर आता घरोघर आहे. त्यातला लाल दिवा पेटला तर तार जिवंत, नाही पेटला तर मेलेली. महावितरणच्या विजेला हे बहुतेक चालते. सोलरच्या तारेला चालत नाही. कारण असे की, महावितरणच्या विजेची एक तार डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून दुसरी तार आणि जमिनीवर उभा असलेला माणूस यांच्यामध्ये नेहमी जोर असतो, आणि त्यावर टेस्टर पेटतो. सोलरच्या पुष्कळ पंपांत दोन्ही तारांपैकी एकही जमिनीला जोडलेली नसते. मग टेस्टर मुका राहतो. पण दोन तारांच्या मध्ये साडेचारशे व्होल्ट असतातच. एका तारेला एक हात आणि दुसरीला दुसरा हात लागला, की खेळ आटोपला. किंवा एखादी तार उंदराने कुरतडून खाली चिखलाला टेकलेली असते आणि आपण दुसरी धरतो. परिणाम तोच.

“मी मागे धरली होती तार, काय झालं नाही,” असे सांगणारे शूर गडी प्रत्येक गावात असतात. त्या दिवशी दुसरी तार कोठे टेकलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आता या विजेचा तिसरा गुण. तो ठिणगीचा.

महावितरणची वीज झोपाळ्यासारखी पुढे-मागे होते. सेकंदाला ५० वेळा जाते आणि येते. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, तशी ही वीजही सेकंदाला शंभर वेळा क्षणभर थांबते. म्हणून तिची ठिणगी पडली तरी लवकर विझते. सोलरची वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. मध्ये थांबत नाही. तिला डीसी म्हणतात. मोटार चालू असताना तुम्ही तिची जोडणी ओढून काढलीत, तर दोन टोकांच्या मध्ये जाळ लागतो. तो जाळ विझत नाही. टोके दूर नेली तरी बोटभर लांब ओढला जातो. त्याच्या उष्णतेने तांबेसुद्धा वितळते. हात, तोंड, डोळे भाजतात.

प्लेटांच्या मागे तारांना काळ्या प्लॅस्टिकच्या खुट्ट्या असतात. एक नर, एक मादी. कारागीर लोक त्यांना एमसी-फोर म्हणतात. त्या टच करून उघडतात म्हणून पोरांना मोह होतो. मोटार चालू असता त्या खुट्ट्या कधीही उघडू नयेत. मोटार बंद करावी, मग पेटीचा डीसीचा खटका पाडावा, आणि त्यानंतरही ते काम कारागिरानेच करावे. त्याचप्रमाणे डीसीला डीसीचाच खटका लागतो. घरच्या विजेचा स्वस्तातला खटका आणून बसवू नये. तो पाडला तरी आतल्या आत जाळ धरून ठेवतो आणि वितळतो. दुकानात घेताना त्यावर ‘डीसी’ आणि व्होल्टचा आकडा लिहिलेला आहे का, ते वाचून पाहा. इंग्रजी अक्षरे येत नसतील तर शाळेतल्या मुलाला विचारा. त्यात कमीपणा नाही.

आमच्या भागात घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही.

चैत्राचे दिवस होते. प्लेटांच्या खाली गवत वाढून वाळले होते. गडी विळ्याने ते कापीत होता. प्लेटांपासून पेटीकडे जाणाऱ्या दोन तारा नळीतून न नेता तशाच गवतातून टाकल्या होत्या. बसवून देणाऱ्यांनी घाई केली, आणि मालकानेही पुढे लक्ष दिले नाही. विळा गवताबरोबर दोन्ही तारांतून गेला. लखकन् उजेड झाला. गड्याने विळा टाकला आणि मागे उडी मारली, म्हणून वाचला. हात मात्र मनगटापर्यंत भाजला. विळा तारांना चिकटून बसला आणि तेथे निळा-पांढरा जाळ सुरू झाला. मालक धावत पेटीकडे गेला. त्याने खटका पाडला. जाळ चालूच! त्याला वाटले, खटका बिघडला. त्याने वर केला, पुन्हा पाडला. जाळ चालूच. गवत पेटले. दहा हातांवर कडब्याची गंज होती. कोणी तरी पाण्याची बादली घेऊन धावला. घरातली सून बारावी शिकलेली होती. ती ओरडली, “पाणी टाकू नका! माती टाका, माती!” लोकांनी लांबून फावड्याने माती टाकली, कडबा ओढून दूर केला. शेवटी तारा जळून आखडल्या, टोके लांब झाली, तेव्हा जाळ विझला.

आता विचार करा. खटका पाडून जाळ का थांबला नाही? कारण जाळ प्लेटा आणि पेटी यांच्या मध्ये होता. खटका त्याच्या पुढे. नदीला वर फूट पडली असता खाली बंधाऱ्याचे दार बंद करून काय होणार?

आणि फ्यूज का उडाला नाही? हा प्रश्न त्या मालकाने आम्हालाही विचारला होता. त्याचे उत्तर समजले तर सोलर समजले.

महावितरणची वीज धरणाच्या कालव्यासारखी आहे. मागे अफाट पाणी आहे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की लोंढा येतो. १० अँपिअरच्या जागी शेकडो अँपिअर धावतात. त्या लोंढ्याने फ्यूज वितळतो आणि वीज तुटते. सोलरची प्लेट विहिरीच्या झऱ्यासारखी आहे. झरा जेवढा आहे तेवढाच वाहणार. तुम्ही विहीर उपसा, नाही तर नका उपसू. मोटार चालताना ती १२ अँपिअर देत असेल, तर तारा चिकटल्यावर फार तर १३ देते. फ्यूजला वाटते, मोटार चालू आहे, सर्व ठीक आहे. तो कशाला उडेल? म्हणून सोलरमध्ये फ्यूजच्या भरवशावर राहू नये. इथे खरी राखण एकच. तारा चांगल्या नळीतून, जमिनीखालून नेलेल्या असाव्यात. प्लेटांखालचे गवत हिरवे असतानाच काढावे. आणि कडबा, सरमाड, पाचट प्लेटांपासून लांब रचावे. सावली मिळते म्हणून लोक प्लेटांखाली कडबा ठेवतात, खताची पोती ठेवतात, शेळ्याही बांधतात. हे बरे नव्हे.

उंदीर-खारींचे तसेच. आठवड्यातून एकदा, हात मागे बांधून, प्लेटांभोवती एक फेरी मारा. हात मागे बांधून म्हणजे नुसते डोळ्यांनी पाहावयाचे. तार कोठे लोंबते का, कातडे निघाले आहे का, खुट्टी काळी पडली आहे का, काच तडकली आहे का. असे काही दिसले तर मोटार बंद करा, पेटीचा खटका पाडा, आणि कारागिराला फोन करा. चिकटपट्टी गुंडाळून ‘तात्पुरते’ करू नका. आपल्याकडे तात्पुरते केलेले दहा वर्षे टिकते, हेच त्यातले दुखणे आहे.

खांबावरच्या पेटीविषयी एकच सांगतो. तिला लोक कंट्रोलर म्हणतात. ती उघडू नका. खटका पाडला, अगदी रात्र झाली, तरी तिच्या पोटात काही भागांमध्ये वीज काही वेळ साठून राहते. माठातले पाणी नळ बंद केल्यावरही माठात असतेच ना? तसे. किती मिनिटे थांबावे ते पेटीवर छापलेले असते. बोअरमधून मोटार काढायची असली, तरी आधी खटका पाडावा, निदान दहा मिनिटे थांबावे, आणि मग मोटारीची तार कारागिराच्या हातून सोडवून घ्यावी.

अर्थिंगबद्दल मात्र थोडे जास्त बोलले पाहिजे.

प्लेटांची चौकट आणि खांब लोखंडाचे असतात. एखादी तार सोलून चौकटीला लागली, तर सारी चौकट जिवंत होते. गाय अंग घासायला येते. पोर खांब धरून गोल फिरते. म्हणून चौकटीपासून जमिनीत खोल एक पट्टी किंवा तार नेलेली असते. तिचे नाव अर्थिंग. वाट चुकलेल्या विजेला घरी न्यायची ती वाट. पेटीसाठी तशीच वेगळी वाट असते. आणि आभाळातली वीज ओढून घेण्यासाठी जी उंच सळई उभी करतात, तिची आणखी वेगळी. या वाटा कोठून जातात, ते सोलर बसवणाऱ्याला त्याच दिवशी विचारून घ्या.

आता काय होते? तांब्याची तार चोरीला जाते. नांगराच्या फाळाने पट्टी तुटते. मोटार तर चालतच राहते! म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. अर्थिंग नसलेली मोटार आणि अर्थिंग असलेली मोटार सारखेच पाणी देतात. फरक कळतो तो एकदाच. म्हणून त्या आठवड्याच्या फेरीत अर्थिंगची पट्टी जागेवर आहे का, ते पाहत जा. खड्डा कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी ओतत जा. कोरडी जमीन वीज नीट ओढीत नाही.

आभाळ कडाडू लागले की प्लेटांच्या आडोशाला कोणीही उभे राहू नये. छप्पर दिसते म्हणून माणूस धावतो. पण ते मोकळ्या रानातले उंच लोखंड आहे. पक्क्या घराकडे जावे.

प्लेटा धुणे हे तर नेहमीचे काम. धूळ बसली की पाणी कमी पडते. धुवावयाच्या तर सकाळी लवकर धुवा. दुपारी काच तापलेली असते. तिच्यावर गार पाणी पडले तर ती तडकते. मऊ फडके कोरड्या लाकडी दांड्याला बांधा. लोखंडी नळी नको. पायांत रबरी चपला किंवा बूट असावेत. पाणी काचेवरूनच सोडावे. खालून, तारांच्या बाजूने, पाण्याचा फवारा मारू नये. प्लेटीवर चढू नये, लहान मुलालाही चढवू नये. आणि फुटलेली प्लेट धुवू नये. तिच्या फटीतून पाणी आत जाते आणि वीज पाण्यातून चौकटीत येते. प्लेट फुटली म्हणजे मेली असे नाही. फुटलेली प्लेटसुद्धा उन्हात वीज करते. काढून टाकलेली प्लेट पालथी ठेवा. एका ठिकाणी अशी प्लेट कोंबड्यांच्या खुराड्यावर उताणी टाकलेली आम्ही पाहिली. तारा खाली लोंबत होत्या आणि पोरे त्या एकमेकींना लावून ठिणग्या पाडीत होती. आम्ही ती पालथी करवली आणि मगच चहा घेतला.

रानडुकरांचा त्रास आपल्याकडे फार. त्यासाठी झटका मशीन मिळते. तेही सोलरवर चालते. ते कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडते. तो झटका क्षणाचा असतो. डुक्कर दचकून पळते, माणूस ओरडतो, पण सुटतो. हे चालेल. पण काही शहाणे पंपाच्या प्लेटांची तार सरळ कुंपणाला जोडतात, किंवा महावितरणच्या लाईनची जोडतात. तेथे वीज सारखी वाहते. धरलेला हात सुटत नाही. पहाटे कोणाचा तरी मुलगा त्या कुंपणाला चिकटलेला सापडतो. हा गुन्हा आहे. तुरुंग होतो. तुरुंगाचे सोडा, त्या मुलाच्या आईच्या दारावरून रोज कसे जाणार?

आता ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. २०२४ साली सूर्यघर योजना आली, तेव्हापासून गावातही पुष्कळ गच्च्यांवर प्लेटा आल्या. गावची लाईट गेली की घरातले इन्व्हर्टर आपोआप थांबते. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ही सोय आहे. पण गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार दिवसा जिवंतच असते. लाईट गेली म्हणून तेथे हात घालू नका. वाळवणाच्या दिवसांत बायामाणसे गच्चीवर असतात. कुरडया-पापड्या खुशाल घाला. पण धुण्याची ओली तार प्लेटांच्या चौकटीला बांधू नका. बॅटरी असेल तर खोलीला खिडकी हवी, कारण पाण्याच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी नको. बॅटरीचा जोर कमी असला तरी तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लालभडक होतो. हातातले कडे, बांगडी, अंगठी यांचेही तेच होते.

एवढे सांभाळूनही एखादा माणूस विजेला चिकटला, तर काय करावे?

पहिल्याने, त्याला धरू नका. आईने मुलाला धरू नये, भावाने भावाला धरू नये. फार कठीण आहे, पण धरले तर दोघे जातात. एकाने धावत जाऊन खटका पाडावा. माणूस मोटारीकडच्या तारेला चिकटलेला असेल तर तो सुटेल. प्लेटांकडच्या तारेला असेल तर सुटणार नाही. म्हणून खटक्याची वाट पाहत थांबू नये. कोरड्या फळीवर किंवा कोरड्या पोत्यांच्या चवडीवर उभे राहावे, आणि कोरड्या लाकडी काठीने तार त्याच्यापासून उडवावी, किंवा त्याला तारेपासून ढकलावे. ओली काठी नको, हिरवा फोक नको, लोखंड तर नकोच. प्लेटांजवळ एक कोरडी, जाड काठी कायम टांगून ठेवा. ती गुरे हाकायला नेऊ नका.

सुटला की त्याच्याकडे पाहा. हाक मारा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास नसेल तर उताणा निजवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा, आणि जोराने दाबा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचे. म्हणजे सेकंदाला दोनदा, किंचित कमी. दमला तर दुसऱ्याने दाबावे. गाडी येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्या कोणी तरी लगेच १०८ ला फोन करावा. पाणी पाजू नये. तोंडात काही घालू नये. शेणामातीत पुरण्याचा जुना प्रकार कोणी सुचवील, त्याचे ऐकू नये. त्यात वेळ जातो, आणि वेळच तर नसतो. माणूस उठून बसला, “मला काही झालं नाही” म्हणाला, तरी दवाखान्यात न्यावे. विजेने हृदयाचे ठोके नंतरही बिघडतात. आतले भाजलेले बाहेरून दिसत नाही.

वर्गातल्या एका गड्याने शेवटी विचारले, “गुरुजी, कारागीर कारागीर म्हणता, पण बोलावलं तर तो येतो का? आणि पैसे?”

रास्त प्रश्न. सरकारी योजनेतल्या पंपाची पाच वर्षे दुरुस्ती करून देणे, हे बसवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात विमाही आहे. तेव्हा फुटकी प्लेट, कुरतडलेली तार, चोरीला गेलेला माल यांसाठी आधी कंपनीला कळवा. तक्रारीचा नंबर पेटीवर चिकटवलेला असतो. उन्हाने तो कागद पांढरा पडतो. तो पडण्याआधी आजच घरी जाऊन नंबर पाहून या, आणि या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा. खाली पंप बसवल्याची तारीख लिहा, म्हणजे पाच वर्षे केव्हा भरतात ते कळेल. त्याखाली लिहा, महावितरण १९१२. रुग्णवाहिका १०८. अक्षर मोठे काढा. घरातल्या प्रत्येकाला वाचता आले पाहिजे.

आणि जमल्यास एक पत्र्याचा तुकडा रंगवून खांबाला तारेने न बांधता सुतळीने बांधा. त्यावर लिहा: ‘ऊन आहे तोवर तार जिवंत आहे. मोटार बंद असली तरी हात लावू नये.’ पुढच्या वर्गाला येताना कोणी कोणी लिहिले, ते आम्ही विचारणार आहोत.